अंतिम स्वीकृतीवर सही होण्याआधी

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका शासकीय कार्यालयात नऊ वर्षे लिपिक आहे. मी पूर्णतः दृष्टिहीन असून संगणकावर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने काम करते. गेल्या वर्षी कार्यालयाने निविदा काढून टपाल आणि नस्त्यांसाठी नवी संगणक प्रणाली घेतली. तिची बटणे स्क्रीन रीडर वाचत नाही. साहेबांना मी अनेकदा तोंडी सांगितले. शेजारी बसणारे सहकारी माझ्या पासवर्डने नोंदी करून देत असत. त्यांची बदली झाल्यापासून काम तुंबले आणि आता दप्तर दिरंगाईबद्दल कारणे दाखवा नोटीस आली आहे. पुरवठादाराचा माणूस म्हणतो की हे काम निविदेत नव्हते, वेगळे पैसे पडतील. प्रणालीला अंतिम स्वीकृती मार्चअखेर द्यायची आहे असे कानावर आले आहे. न्यायालयात गेले तर ही खरेदी रद्द होईल का?

उत्तर : थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारणारी पत्रे मला जिल्ह्यातून पूर्वीही आली आहेत, त्यामुळे दिव्यांग कर्मचाऱ्याला हक्क आहेत की नाहीत या चर्चेत मी जागा घालवत नाही. ते आहेत. खरेदी रद्द होण्याची शक्यता मला फारच कमी वाटते आणि आपण तशी मागणीही करू नये, कारण पूर्ण झालेल्या निविदा प्रक्रियेत हात घालण्यास न्यायालये सहसा राजी नसतात, आणि समजा खरेदी रद्द झालीच तरी आपल्या टेबलावर चालणारी प्रणाली त्यातून येणार नाही. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : अंतिम स्वीकृती मार्चअखेर द्यायची आहे. म्हणजे ती अजून दिलेली नाही, आणि सारे प्रकरण या एका गोष्टीवर उभे आहे.

शासकीय संगणक खरेदीच्या करारात बहुधा एक टप्पा असा असतो की पुरवठादार प्रणाली बसवतो, कार्यालयातील माणसे ती वापरून पाहतात, उणिवांची यादी देतात, पुरवठादार त्या दूर करतो आणि मग कार्यालयप्रमुख स्वीकृतीच्या प्रमाणपत्रावर सही करतात, ज्याच्या आधारे अंतिम देयक निघते. सहीपर्यंत प्रत्येक उणीव पुरवठादाराच्या खर्चाने दूर व्हायची असते. सही झाली की तीच उणीव ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणवली जाते, म्हणजे नवे अंदाजपत्रक, नवी प्रशासकीय मान्यता आणि पुढच्या आर्थिक वर्षातील तरतूद. पुरवठादाराचा माणूस ‘वेगळे पैसे पडतील’ असे आजच म्हणू लागला आहे, कारण सही होणार असे तो गृहीत धरून चालला आहे.

याचा आपल्या हक्काशी संबंध असा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(२) प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी समायोजन, म्हणजे काम करता यावे म्हणून आवश्यक ते बदल, आणि अडथळामुक्त, अनुकूल वातावरण दिलेच पाहिजे. वाजवी समायोजन नाकारणे हा भेदभावच आहे, असे कलम २(ज) ची, म्हणजे इंग्रजी पाठातील ‘एच’ या उपकलमाची, व्याख्या सांगते. परंतु वाजवी समायोजनाच्या व्याख्येत कार्यालयासाठी एक पळवाटही ठेवलेली आहे : हे बदल आस्थापनेवर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी बोजा न टाकता करता येण्यासारखे असले पाहिजेत. स्वीकृती दिलेली नसताना दुरुस्तीचा खर्च पुरवठादाराचा असतो, त्यामुळे बोजा या शब्दाचा आधार घेण्याची सोय कार्यालयाला उरत नाही. स्वीकृती दिल्यानंतर तेच कार्यालय हात वर करून ‘निधी नाही’ असे शपथपत्र दाखल करू शकते. ते शपथपत्र टिकेलच असे नाही, पण ते खोडून काढण्यात आपली वर्षे जातील. हक्क सहीनंतरही शिल्लक राहतो. तो स्वस्तात आणि लवकर मिळण्याची संधी मात्र सहीबरोबर जाते.

आता एका सापळ्याबद्दल. आपल्यासारखे अर्ज मी पाहतो तेव्हा त्यात बहुतेक वेळा दिव्यांग व्यक्ती हक्क नियम, २०१७ मधील नियम १५ चा, म्हणजे सुलभतेच्या निकषांविषयीच्या नियमाचा, आधार घेतलेला असतो. मे २०२३ च्या दुरुस्तीने त्या नियमात माहिती तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावे यासाठीचे आयएस १७८०२ हे भारतीय मानक आले, हे खरे. पण ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला सक्तीचे निकष अपेक्षित आहेत आणि नियमाने मात्र निरनिराळ्या विभागांच्या मार्गदर्शक सूचनांचे गाठोडे बांधून दिले, असे त्याचे थोडक्यात कारण, आणि किमान सक्तीचे निकष वेगळे काढण्यासाठी न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. हा निकाल दिव्यांगांच्या बाजूचा आहे, पण ज्याने आपली सारी तक्रार नियम १५ च्या खुंटीवर टांगली त्याला समोरचा वकील ‘तो नियम आहेच कुठे?’ असे विचारू शकतो. म्हणून आपली तक्रार कलम २०(२) वर उभी करा. त्या कलमाला कोणत्याही नियमाची कुबडी लागत नाही.

मानकाचा उपयोग दुसरीकडे आहे. निविदेत किंवा करारात आयएस १७८०२, शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे, किंवा निदान ‘लागू असलेल्या सर्व कायद्यांचे व मानकांचे पालन’ अशी अट असेल, तर ती पुरवठादारावर करार म्हणून बंधनकारक आहे, मग नियम १५ चे काहीही होवो. अट नेमक्या कोणत्या शब्दांत आहे यावर तिचे वजन अवलंबून राहील, आणि निविदा न वाचता मी त्यापलीकडे बोलणार नाही. एवढे मात्र लक्षात घ्या की करार कार्यालय आणि पुरवठादार यांच्यात आहे. आपण त्यात पक्षकार नाही. आपण पुरवठादाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याला कार्यालयाला सांगायचे आहे की त्याने आपल्या हातातील अट वापरावी. आयएस १७८०२ च्या दुसऱ्या भागात पूर्ततेची तपासणी कशी करायची हे दिलेले आहे, तेव्हा स्वीकृतीपूर्वी त्याप्रमाणे तपासणी व्हावी, ही मागणी कुणालाही हवेतील वाटू नये.

आता जे लिहिणार आहे ते आपल्याला कडू लागेल. आपण वर्षभर तोंडी सांगत राहिलात. शासकीय कार्यालयात नऊ वर्षे काढलेल्या आणि तेही टपाल हाताळणाऱ्या व्यक्तीने आवक क्रमांक नसलेल्या गोष्टीवर विसंबावे, हे मला समजत नाही. त्याहून गंभीर गोष्ट पासवर्डची. सहकाऱ्याने सद्‍भावनेने मदत केली असेल, पण प्रणालीच्या नोंदवहीत त्या साऱ्या नोंदी आपल्या नावावर पडल्या आहेत. उद्या कार्यालय ती नोंदवही पुढे करून म्हणेल की या बाईंना प्रणाली व्यवस्थित वापरता येत होती, सहकाऱ्याची बदली झाल्यावरच त्यांना अडचण सुचली. आपल्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा आपणच तयार करून ठेवला आहे. आजपासून पासवर्ड कोणालाही देऊ नका. झालेली गोष्ट लपवूही नका : आपल्या उत्तरात स्वतःहून लिहा की प्रणाली वाचता येत नसल्याने, वरिष्ठांना त्याची कल्पना असताना, अमुक काळ सहकाऱ्याच्या मदतीने नोंदी कराव्या लागल्या. तोंडी परवानगी कुणी दिली असेल तर त्यांचे पदनाम लिहा. पासवर्ड दिल्याबद्दल समज मिळू शकते, पण ती बाब त्यांनी शोधून काढण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी.

नोटिशीचे उत्तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच गेले पाहिजे. दप्तर दिरंगाईचा म्हणून ओळखला जाणारा २००५ चा राज्याचा कायदा कलम १० मध्ये सांगतो की कोणतीही नस्ती शासकीय कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहू नये. नोटीस तेवढेच वाक्य उद्धृत करते असा माझा कयास आहे. त्याच कलमात शिस्तभंगाची कारवाई हेतुपुरस्सर विलंब किंवा हयगय यांच्याशी जोडलेली आहे, आणि जी नस्ती कर्मचाऱ्याला कार्यालयानेच दिलेल्या साधनातून वाचता येत नाही, तिच्यावरील विलंबाला हेतुपुरस्सर म्हणणे अवघड आहे. उत्तर दोन पानांपेक्षा मोठे नको, आणि त्यात साहेबांच्या स्वभावाचे वर्णन तर मुळीच नको.

उत्तराच्या सोबत, पण स्वतंत्र कागदावर, कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २३(२) खाली तक्रार द्या. हे उपकलम कलम २० च्या उल्लंघनाचाच थेट उल्लेख करते, आणि पुढच्या उपकलमाप्रमाणे नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते. असा अधिकारी नेमलेलाच नसेल, जे असंभव नाही, तर तक्रार कार्यालयप्रमुखांच्या नावे द्या आणि अधिकारी नेमलेला नाही हेही तीत नोंदवा. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

तक्रारीत ‘प्रणाली दिव्यांगस्नेही नाही’ असे वाक्य लिहून थांबू नका. त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून कागद नस्तीला लागतो. पडद्यागणिक लिहा. कोणते बटण स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ एवढेच वाचतो, तारखेच्या चौकटीत टॅब कळीने जाता येते की माउसच लागतो, प्रवेश करताना चित्रातील अक्षरे ओळखायला सांगतात तेव्हा आवाजाचा पर्याय आहे की नाही, चूक झाल्यावर नुसती चौकट लाल होते की शब्दांत सूचना येते. दोन गोष्टी वेगळ्या काढा, कारण त्या बहुधा प्रणालीच्या नव्हे तर कार्यालयाच्या सवयीच्या आहेत : आलेली पत्रे नुसती स्कॅन करून चित्राच्या रूपात चढवली जातात, ज्यातून स्क्रीन रीडरला एक अक्षरही मिळत नाही, आणि जुन्या मसुद्यांतील युनिकोड नसलेल्या श्रीलिपीसारख्या फाँटमधील मजकूर वाचताना तो निरर्थक अक्षरे बडबडतो. या दोन्हींचे खापर पुरवठादारावर फोडलेत तर तो त्यातली एक बाब खोटी ठरवून सगळी यादी बाजूला सारेल. ध्वनिचित्रफीत करायची असेल तर चाचणी नोंदीवर करा, खऱ्या नस्तीवर नको. गोपनीयतेचा नवा आरोप ओढवून घेण्याची ही वेळ नाही.

तक्रारीतील मागण्या दोनच असाव्यात. या उणिवा दूर होऊन स्क्रीन रीडरवर आपल्या उपस्थितीत चाचणी होईपर्यंत अंतिम स्वीकृती देऊ नये, किंवा द्यायचीच असेल तर या उणिवांची यादी जोडून सशर्त द्यावी व अंतिम देयकातील योग्य रक्कम राखून ठेवावी, ही पहिली. तोपर्यंत आपल्याला वाचता येईल असे काम किंवा अधिकृत आदेशाने साहाय्यक मिळावा, ही दुसरी. तक्रारीची प्रत लेखा शाखेलाही द्या. मार्चअखेर देयकांच्या गर्दीत साहेब एखादी हरकत विसरू शकतात. पण देयकाला हात लावण्यापूर्वी हरकतीचा कागद समोर असलेला लेखाधिकारी सहसा विसरत नाही, कारण लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यायचे असते.

निविदेची प्रत महाटेंडर या राज्याच्या निविदांच्या संकेतस्थळावर मिळते का ते आधी पाहा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, पण त्याच्या तीस दिवसांच्या मुदतीसाठी तक्रार थांबवू नका. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत असावा लागतो, म्हणून निविदा, करार आणि स्वीकृतीच्या अटी एवढेच मागा. आपली कहाणी त्यात नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(४) प्रमाणे ज्ञानेंद्रियाचे अपंगत्व असलेल्या अर्जदाराला अभिलेख पाहण्यासाठी साहाय्य देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, याचा उल्लेख मात्र अवश्य करा.

राहिला न्यायालयाचा प्रश्न. पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते; त्यांना समन्स काढण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात आणि ती मानणार की नाही हे कार्यालयाने तीन महिन्यांत सकारण कळवायचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ८९ खालचा दंड पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आहे. त्याच्या मागे लागून आपला पडदा बोलू लागणार नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसत असल्याने रिट याचिकेसाठी आता मुंबईची वाट धरावी लागत नाही, आणि डिजिटल सेवांची उपलब्धता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणात म्हटले आहे. ते प्रकरण ई-केवायसीचे, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचे, होते, तरी त्याचा आधार घेता येईल. पण आपण राज्य शासनाच्या कर्मचारी आहात की स्थानिक संस्थेच्या, हे आपण लिहिलेले नाही. राज्य शासनाच्या असाल तर सेवाविषयक तक्रार आधी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे न्या, असे बहुधा सांगितले जाईल. शिवाय बेंच दाराशी आले म्हणून तारीखही दाराशी येते, असा अनुभव नाही. लेखी तक्रार दिल्याचा पुरावा नसताना याचिका केलीत तर पहिल्याच दिवशी ‘आधी कार्यालयाकडे मागितले का?’ असे विचारले जाईल, आणि आजच्या घटकेला आपल्याकडे त्याचे उत्तर नाही.

नोटिशीचे उत्तर आणि तक्रार हे दोन्ही कागद याच आठवड्यात टपाल शाखेत स्वतः नेऊन द्या, कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा, आणि पोच घेताना तीवरील आवक क्रमांक व दिनांक विश्वासातल्या व्यक्तीकडून तिथल्या तिथे वाचून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.