सासूबाई मागे का रेटतात?

प्रश्न: सासूबाई ७८ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश आहे. मोरीत घसरून खुबा मोडला, रॉड टाकून तीन आठवडे झाले. वॉकरवर चालवा म्हणून सांगितलंय. पण आम्ही दोघं काखेत हात घालून उठवायला गेलो की त्या मागे रेटतात, ओरडतात. पाय मोडलाय हेच त्यांना आठवत नाही. रात्री एकट्या उठतात, म्हणून मी ओढणीने त्यांचा हात बाजेला बांधते. मन खातं. काय करू?
— एक सून, अमळनेर

ताई, ओढणी आजच सोडा. बांधलं म्हणून माणूस उठायचं थांबत नाही, उलट त्यातच अडकून तोंडावर पडतं. रात्रीच्या उठण्यामागे बहुधा लघवी असते. झोपताना एकदा आणि रात्री दोनदा, त्या उठायच्या आत तुम्हीच कमोडच्या खुर्चीवर बसवा. खुर्ची चांगल्या पायाच्या बाजूला, पलंगाला लागून. झिरोचा दिवा चालू ठेवा. पाणी संध्याकाळनंतर कमी करा, दिवसा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की उभं राहताच चक्कर येते.

आता त्या रेटण्याचं. तो हट्ट नव्हे. काखेतून ओढलं की धड मागे जातं, पडतोय असं वाटतं आणि माणूस आणखी मागे रेटतं. शिवाय खांदा दुखावतो. उठायला आधी पुढे झुकावं लागतं. म्हणून पहिली बाज बाहेर काढा. तिला झोळ पडतो, खुबा गुडघ्याखाली जातो आणि त्या खड्ड्यातून धडधाकट माणसालाही उठवत नाही. लाकडी पलंग हवा, बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील आणि खुबा गुडघ्याच्या जरा वर राहील एवढा उंच.

बसवून दोन मिनिटं थांबा. कमरेला रुंद पट्टा बांधा, सर्जिकलच्या दुकानात मिळतो. तुम्ही मोडलेल्या पायाच्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहून पट्टा धरा. त्यांना गादीच्या कडेला सरकवा. चांगला पाय मागे, मोडलेला थोडा पुढे, हात गादीवर. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं झुकवलं की ढुंगण आपोआप उचलतं. वॉकर धरून उठू देऊ नका, तो अंगावर उलटतो.

सूचना एका वेळी एकच, आणि अहिराणीत: ‘माय, पाय मांगे ले.’ मग मनात दहापर्यंत मोजा. आपण चारलाच पुन्हा बोलतो आणि तिथे सगळं विस्कटतं. एकानेच बोलायचं, दुसऱ्याने गप्प.

चालताना आधी वॉकर, मग मोडलेला पाय, मग चांगला. लुगड्याचा घोळ पायात येतो, काही महिने घोट्याच्या वरचा गाऊन बरा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पूर्ण भार चालेल का? ‘अर्धाच भार द्या’ हे त्यांच्या लक्षात राहणार नाही, तेही सांगा. दुखण्याची गोळी दिली असेल तर चालवण्याआधी तासभर द्यायची का, तेही विचारून घ्या.

पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, किंवा त्या एकाएकी पाय टेकवेनाशा झाल्या तर उभं करू नका, एक्स-रे काढा. पोटरी सुजली, किंवा एका दिवसात बरळणं वाढलं (लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, काहीही असू शकतं) तर त्याच दिवशी दाखवा.

आणि रात्रीची दुसरी पाळी यजमानांकडे द्या.