तुमचा प्रश्न, आमचे उत्तर: ‘समझ गए’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : भोसरीत माझे चौदा कामगारांचे लेथकामाचे युनिट आहे. त्यांपैकी सहा जण बिहारचे आहेत. काम समजले का, असे विचारल्यावर ते ‘जी, समझ गए’ म्हणतात, तरीही जॉब (मशीनवर बनवायचा भाग) चुकतो. दिवाळीनंतर तर चार जण ठरलेल्या दिवशी परतलेच नाहीत. सुपरवायझरच्या मते त्यांना शिस्तच नाही. काय करावे?
– एक लघुउद्योजक

उत्तर : शिस्तीबद्दल मत बनवण्याआधी पंचांग पाहावे. आपली दिवाळी भाऊबीजेला, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीयेला संपते आणि रजाही आपण तिथवरच मोजतो. बिहारमध्ये मात्र चतुर्थीला छठपर्व सुरू होते आणि षष्ठीला मावळत्या व सप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य दिल्यावरच ते पुरे होते. घरी आईचा निर्जळी उपवास चालू असताना मुलगा भोसरीची गाडी कशी पकडणार? तुम्ही तारीख सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली असेलही, कारण मालकाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. (‘बघतो’ म्हणून वेळ मारून नेणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते; तेव्हा रजेच्या तारखा त्यापूर्वीच त्यांना विचारून ठरवाव्यात आणि मराठी कामगारांच्या रजेशी त्यांची सांगड घालावी.

जॉब चुकण्याचे कारण बहुधा वेगळे आहे. हिंदी आपल्याला येते, हा आपला समज फार पक्का असतो. आपल्या ‘काल’चा एकच अर्थ, हिंदीतल्या ‘कल’चे दोन, त्यामुळे घाईत ‘कल का माल पहले निकालो’ म्हटले, तर कालचा की उद्याचा, हे ऐकणाऱ्याने ताडायचे. बिहारमध्ये एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. ‘हम कर देंगे’ ऐकून सुपरवायझर दोघे कामाला लागले असे धरून चालतो आणि मशीनवर एकच जण असतो. म्हणून वार आणि नाव स्पष्ट सांगावे. ‘समझे क्या?’ असे विचारण्याऐवजी ड्रॉइंग त्याच्या हातात देऊन ‘पहले कौन-सा माप लेंगे?’ असे विचारावे आणि पहिला पीस व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) दोघांनी मिळून तपासल्यावरच लॉट सुरू करू द्यावा.

या प्रश्नात ‘लोगे’ नव्हे, ‘आप’शी जुळणारे आदरार्थी ‘लेंगे’ म्हणावे. आपण आईलाही मायेने ‘तू’ म्हणतो, परंतु पंचविशीतल्या सुपरवायझरने पंचेचाळिशीतल्या ऑपरेटरला ‘ए, तू इधर आ’ म्हटले, की त्यानंतर तो माणूस अडले तरी विचारायला येत नाही.