आधी वाळू, मग कासव

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

सोलापुरात राहून समुद्री कासवांवर संशोधन करता येईल का, असं तू विचारलंस. येईल. फक्त क्रम उलटा ठेवावा लागेल. किनाऱ्यावरची मुलं आधी कासव पाहतात आणि आकडेमोड मागाहून शिकतात, कित्येकदा शिकतही नाहीत. रत्नागिरी इथून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तू तिथे वर्षातून फार तर एकदा-दोनदा जाशील. तेव्हा तिकडे शिकण्यात वेळ जाऊ नये इतकं इथेच शिकून घे. कोकणात ऑलिव्ह रिडले या जातीचं समुद्री कासव साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतं आणि पिल्लं मेपर्यंत निघतात. म्हणजे तयारीला जून ते ऑक्टोबर हे महिने मोकळे आहेत.

पहिलं काम वाळूचं. कासवाच्या पिल्लाचं लिंग अंड्याला मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं, तेही उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-मादी निम्मे-निम्मे निघतात. त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, थंड वाळूत नर. हा आकडा प्रदेशागणिक थोडा सरकतो. तापमान बराच काळ ३४-३५ अंशांवर राहिलं तर भ्रूण मरू लागतात. आता उन्हाळ्यात तापलेल्या वाळूत अंडी टिकतात कशी, हे पुस्तकात वाचण्याऐवजी मोजून बघ. त्यासाठी सोलापूरच्या उन्हासारखी प्रयोगशाळा नाही.

मोकळ्या जागी ६० सेंटिमीटर खोल आणि निदान एक मीटर रुंद खड्डा घे. रुंदी कमी केलीस तर बाजूच्या काळ्या मातीची उष्णता आणि ओल वाळूत उतरते आणि तू वाळू नव्हे, माती मोजत बसतेस. चाळलेली वाळू भर. ५, १५, ३० आणि ४५ सेंटिमीटर खोलीवर एकेक सेन्सर पुर आणि दर अर्ध्या तासाला नोंद घे. पृष्ठभाग दुपारी तापलेला असेल, पण ३० सेंटिमीटरवरचं कमाल तापमान रात्री उशिरा येईल आणि ४५ वर दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ नाहीसा होईल. रिडलेचं घरटं साधारण याच खोलीचं असतं. हवेच्या तापमानावरून ‘यंदा सगळ्या माद्याच होणार’ असं लिहिणारे लोक हे एकदा करून बघतील तर बरं. नंतर खड्ड्यांचे आणखी दोन प्रकार कर: एकावर ५० टक्के सावलीची शेडनेट, दुसऱ्यात दर संध्याकाळी मोजून पाणी. प्रत्येक प्रकारचे निदान तीन खड्डे हवेत. एका खड्ड्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

विकतचे डेटा लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं, महाग पडतात, तेव्हा डीएस१८बी२० हा जलरोधक सेन्सर आणि साधा मायक्रोकंट्रोलर चालेल. त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे आणि २९ अंशांच्या आसपास अर्ध्या अंशाने सगळा निष्कर्ष फिरतो. म्हणून पुरण्याआधी प्रत्येक सेन्सर तपासायचा. बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या दाट काल्यात तो शून्य दाखवतो का बघ, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ३० अंशांच्या पाण्यात चांगल्या तापमापीशेजारी धर. फरक लिहून ठेव आणि नंतर आकड्यांतून वजा कर. नोंदीत मध्येच ८५ अंश दिसले तर घाबरू नकोस. मापन पूर्ण होण्याआधीच आकडा वाचला गेला की हा सेन्सर ८५ देतो. उणे १२७ म्हणजे तार सुटली. हे आकडे गाळ, पण मूळ फाइल तशीच ठेव. बहुतेक सेन्सर मरतात ते तारेच्या जोडातून पाणी शिरल्यामुळे, तेव्हा जोड नीट सील कर.

आकडे हातात आले की एक गोष्ट पक्की कर. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात, पण ती सगळी एकाच आईची आणि एकाच खड्ड्यातली असतात. पाच घरट्यांतली पाचशे अंडी हा पाचशेचा नमुना नव्हे, तो पाचचा नमुना आहे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प सर्वांत जास्त इथेच कोसळतात. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक भाषेत मिश्र प्रतिमानं (गटागटांतला फरक धरणारी) बसवायला शिक आणि घरटं हा गट म्हणून धर.

जाती ओळखायला फोटोंवर सराव पुरतो. पाठीच्या कवचावर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंचे मोठे खवले मोज: हिरव्या कासवाला आणि हॉक्सबिलला चार-चार जोड्या, लॉगरहेडला बहुधा पाच, रिडलेला पाचाहून अधिक आणि कित्येकदा डावीकडे-उजवीकडे वेगवेगळे. हिरव्याच्या डोळ्यांदरम्यान मोठ्या खवल्यांची एकच जोडी, हॉक्सबिलला दोन. लेदरबॅकला खवले नसतातच, लांब उभे कंगोरे असतात.

इथल्या इथे जिवंत कासवं पाहायची असतील तर हिप्परगा तलाव किंवा भीमेचा काठ गाठ. पण फक्त दुर्बिणीतून. गोड्या पाण्यातली आपली कासवंही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही मोडतं. मोजण्यासाठी उचललं, ही सबब चालत नाही. हाताळायचं असेल तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी, म्हणजे समुद्री कासवांसाठीही, केंद्राची पूर्वसंमती लागते. परवानगीला महिने जातात. हंगाम नोव्हेंबरात असेल तर अर्ज उन्हाळ्यातच जायला हवा. काठावर एक जागा ठरव, सकाळी एक तास बस, दर दहा मिनिटांनी ऊन खात बसलेली कासवं मोज. एकही दिसलं नाही तर शून्य लिही. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे: रिकामा म्हणजे पाहिलंच नाही, शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं.

या शून्याची किंमत पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर कळते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये कासवं वाचवण्याचं काम सुरू केलं. पुढे कोकणात एकेक गाव या कामात येत गेलं. गावं वाढली, घरटी राखणारे कासवमित्र वाढले, किनाऱ्यावरच्या फेऱ्या वाढल्या, की सापडलेली घरटीही वाढणारच. ती कासवं वाढल्यामुळे की पाहणारे डोळे वाढल्यामुळे, हे सांगायचं तर प्रत्येक फेरीची नोंद हवी: सुरू आणि संपल्याची वेळ, किती किलोमीटर चाललो, किती माणसं, भरतीची वेळ, आणि काहीच न मिळालेल्या रात्रीसुद्धा. जुन्या वह्यांत फक्त घरट्यांच्या तारखा असतात. त्यावरून काढलेल्या चढत्या आलेखावर विश्वास ठेवू नकोस. शिवाय घरटी म्हणजे माद्या नव्हेत. एक मादी एका हंगामात एक ते तीन वेळा अंडी घालते, आणि दर वर्षी घालतेच असं नाही.

फेरी पहाटे, भरतीचं पाणी माग पुसण्याआधी. रिडलेचा माग साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद आणि पावलं आळीपाळीची. हिरव्या कासवाचा मोठा आणि दोन्हीकडचे वल्ह्यासारखे पाय एकदम टेकल्याचा. वर येऊन अंडी न घालता परतलेली मादीही नोंदवायची. बॅटरी लाल उजेडाची, आणि मादी अंडी घालू लागेपर्यंत तीही बंद.

अंडी हलवण्याबद्दल माझं मत कडक आहे: भरतीचं पाणी, कुत्री-कोल्हे किंवा चोरी यांचा खरा धोका नसेल तर हलवू नयेत. हलवायचीच तर दोन तासांच्या आत. नंतर भ्रूण कवचाच्या आतल्या अस्तराला चिकटू लागतो. तेव्हा अंडं फिरलं की तो मरतो, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून अंडं उचलताना वरची बाजू वरच ठेवायची. हॅचरीतला, म्हणजे हलवलेली अंडी राखायच्या जागेतला, खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल, सुरईच्या आकाराचा: वर अरुंद, खाली फुगलेला. दोन घरट्यांत एक मीटर अंतर, आणि हॅचरीची जागा दरवर्षी बदलायची, नाहीतर जुन्या अंड्यांची कुजकी वाळू नव्या अंड्यांना बुरशी देते. पिल्लं निघाली की टोपलीत ठेवून पाहुण्यांची वाट बघू नये. पहिल्या काही तासांत ती जिवाच्या आकांताने पोहतात; ती ताकद टोपलीतच संपते. सोडायची ती अंधारात, रोज वेगळ्या जागी, वाळूवरून स्वतः चालत जाऊ देऊन.

पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकर. रिकामी कवचं मोजताना निम्म्याहून मोठा तुकडा असेल तरच एक धर, नाहीतर फुटक्या तुकड्यांनी आकडा फुगतो. समज, ११२ अंडी होती. ९६ कवचं मिळाली, १६ अंडी फुटलीच नाहीत. फुटण्याचं प्रमाण ८५.७ टक्के. पण वाळूत तीन पिल्लं जिवंत आणि दोन मेलेली अडकली होती. ती वजा केली की बाहेर पडण्याचं प्रमाण ८१.२५ टक्के. हे दोन आकडे अहवालांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात. न फुटलेली अंडी उघडून भ्रूण कोणत्या टप्प्यावर थांबला तेही लिही: सुरुवातीला मेलेले बहुधा हलवण्याकडे बोट दाखवतात, शेवटी मेलेले उष्णतेकडे किंवा पाण्याकडे.

टॅगचं, म्हणजे कासवावर लावायच्या खुणेच्या पट्टीचं किंवा यंत्राचं, आकर्षण तुला असणारच. २०२२ च्या सुरुवातीला कोकणात प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी आणि वनश्री या पाच माद्यांवर उपग्रह टॅग बसले. अशा माहितीवर सोलापुरात बसूनही काम करता येतं, पण नकाशावरचे चुकीचे बिंदू गाळायला शिकून. आर्गोस या उपग्रह यंत्रणेच्या वर्ग ३ मधली जागा अडीचशे मीटरच्या आत बरोबर असते, वर्ग ० मध्ये चूक दीड किलोमीटरच्या पुढे जाते आणि ए-बी वर्गांना चूक किती असेल याचा अंदाजच दिलेला नसतो. दोन बिंदूंमधला वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर गेला तर बिंदू संशयास्पद. संदेश थांबला म्हणजे कासव मेलं असं नाही. अँटेना तुटते, टॅग निघतो, त्यावर शेवाळ-शिंपले चढतात. साध्या धातूच्या टॅगनेही मोठी बातमी मिळते: २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ क्रमांकाचा टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. एका मादीवरून दोन किनाऱ्यांची कासवं एकच असं म्हणता येत नाही, पण ती अगदी वेगळी, हे गृहीत मात्र आता सुखाने धरता येणार नाही.

मच्छीमारांशी बोलशील तेव्हा ‘जाळ्यात कासव येतं का’ असं थेट विचारू नकोस. कायद्याच्या भीतीने उत्तर नाहीच येईल. जाळं कोणतं, किती तास पाण्यात राहतं, कुठल्या महिन्यात त्रास होतो, असं विचार, आणि नावं लिहू नकोस. त्यांना एक उपयोगी गोष्ट सांग: बेशुद्ध कासव लगेच पाण्यात फेकलं तर बुडतं. पोट खाली, मागची बाजू निदान १५ सेंटिमीटर उंच, सावलीत आणि ओलं ठेवायचं. शुद्धीवर यायला काही तासांपासून दिवसभर लागू शकतो.

पहिल्या पंधरवड्याचे वाळूचे आकडे मला पाठव. फाइल सीएसव्ही, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, वेळ २४ तासांची, प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र रकाना, आणि सेन्सर तपासणीची नोंद वेगळ्या फाइलमध्ये. आलेख आत्ताच काढू नकोस.

तुझा,
मार्गदर्शक