वाचकांचे प्रश्न : मंद गतीचे चित्रण का अडखळते?

प्रश्न : तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणारी मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घालवणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक मी मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमच्या वेगाने चित्रित केली. नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तो क्षण आणि ताशावर पडणाऱ्या काड्या मला अगदी सावकाश दाखवायच्या आहेत. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप टाकून वेग दहा टक्क्यांवर आणला, तर चित्राला ठरावीक अंतराने हलकासा झटका बसतो. मित्राच्या सांगण्यावरून ‘ऑप्टिकल फ्लो’ लावले, तेव्हा झटका गेला; पण काड्यांची टोके विरघळल्यासारखी दिसू लागली. चूक कॅमेऱ्याची आहे की माझी?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कॅमेऱ्याने आपले काम चोख केले आहे, हिशेब दहा टक्क्यांच्या आकड्यात चुकला आहे. टाइमलाइनवरच्या प्रत्येक सेकंदाला 25 फ्रेम लागतात. वेग दहा टक्के केला की त्या एका सेकंदात मूळ चित्रणाचा एक दशांश सेकंद, म्हणजे 24 फ्रेम खर्च होतात. उरलेली पंचविसावी जागा भरण्यासाठी सॉफ्टवेअर एक फ्रेम दोनदा दाखवते आणि दर सेकंदाला बसणारा झटका हाच. ऑप्टिकल फ्लो लावल्यावर ती एकच जागा दुरुस्त होते असे वाटते, पण प्रत्यक्षात 24 फ्रेम 25 जागांवर ताणून बसवताना जवळजवळ प्रत्येक जागा दोन फ्रेमच्या मधल्या क्षणावर येते आणि तिथले चित्र सॉफ्टवेअर अंदाजाने रचते. ताशाच्या काड्या एकमेकींना छेदत अतिशय वेगाने फिरत असल्याने तो अंदाज तिथे हमखास फसतो. एवढ्या गर्दीत टिपलेल्या खऱ्या फ्रेम बाजूला सारून रचलेल्या फ्रेम दाखवायच्या, यात आपलेच नुकसान आहे.

अशा वेळी क्लिपच्या वेगाला हात लावू नये, तर क्लिपचा फ्रेम रेटच 25 आहे असे सॉफ्टवेअरला सांगावे. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट पॅनेलमधील क्लिपवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ आणि त्याखाली ‘इंटरप्रिट फुटेज’ उघडावे व तिथे 25 हा आकडा भरावा. दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मीडिया पूलमधील ‘क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स’मधून होते. हे सारे क्लिप टाइमलाइनवर नेण्यापूर्वी करावे आणि त्यानंतर वेग शंभर टक्केच ठेवावा. मग टिपलेली प्रत्येक फ्रेम एकदा आणि एकदाच दिसते. दहा सेकंदांच्या चित्रणातील 2400 फ्रेम 96 सेकंद चालतात, म्हणजे हालचाल 9.6 पट मंद होते. दहा पटच हवी असा हट्ट असेल, तर सगळा प्रकल्प 24 फ्रेमचा करावा.

फिल्मच्या काळात मंद गती अशीच साधली जात असे. कॅमेऱ्यातून फिल्म वेगाने धावायची, प्रोजेक्टर मात्र आपल्या नेहमीच्या चालीने चालायचा आणि संकलनाच्या टेबलावर वेगाचे काहीच करावे लागत नसे. ऑस्ट्रियातील धर्मगुरू आणि भौतिकशास्त्राचे जाणकार ऑगस्ट मुस्गर यांनी 1904 मध्ये मंद गतीच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून मूळ तत्त्व बदललेले नाही : मंद गती टिपताना मिळवायची असते.

आता आपल्या मूळ फाइलविषयी. ती मोबाइलमधून संगणकावर कशी आली, हे तपासावे. काही मोबाइल 240 फ्रेमची मूळ फाइल जपून ठेवतात, पण मेसेजिंग अ‍ॅपवरून ती पाठवली की वाटेत तिचे 30 फ्रेमच्या फाइलमध्ये रूपांतर होते. काही मोबाइल मुळातच मंद केलेली, 30 फ्रेमने चालणारी फाइल साठवतात. त्यात दहा सेकंदांचा प्रसंग 80 सेकंद चालताना दिसतो आणि फ्रेम सगळ्या शाबूत असतात. ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे क्लिप उघडून बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवत ताशाच्या काडीचे टोक पाहणे. प्रत्येक दाबाला टोक थोडे थोडे सरकत असेल, तर फ्रेम जागच्या जागी आहेत. ते प्रत्येक दाबाला लांब उडी मारत असेल, किंवा काही दाब जागचे न हलता मग एकदम उडी मारून पुढे जात असेल, तर मधल्या फ्रेम आधीच गळाल्या आहेत. अशी फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा केबल लावून मूळ फाइल पुन्हा उतरवून घ्यावी.

मोबाइलच्या चित्रणात आणखी एक अडचण संभवते. दोन फ्रेममधले अंतर त्यात नेहमी सारखे नसते. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली की फ्रेम रेटपुढे ‘व्हेरिएबल’ असे लिहिलेले दिसते. अशी फाइल संकलनात गोंधळ घालू लागली, तर हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून तिचा फ्रेम रेट स्थिर करून घेता येतो. तिथे मात्र ‘फास्ट 1080पी30’सारखा तयार प्रीसेट जसाच्या तसा वापरू नये. त्यातला 30 हा आकडा फ्रेम रेटची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे 240 पैकी 210 फ्रेम दर सेकंदाला टाकून दिल्या जातात आणि फाइल वरकरणी उत्तम दिसते. फ्रेम रेटसाठी ‘सेम अ‍ॅज सोर्स’ आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’ हे पर्याय स्वतः निवडावेत.

प्रश्न : शाळेच्या सभागृहात मुलींच्या लेझीमचे चित्रण 240 फ्रेमने केले. डोळ्यांना प्रकाश स्थिर दिसत होता, पण मंद गतीत सगळे चित्र लुकलुकते. दुपारी मैदानावर केलेल्या चित्रणात असे काही नाही.
— एक शिक्षिका, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपल्याकडील वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे. त्यामुळे जुन्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही. 240 च्या वेगाने टिपणारा कॅमेरा मात्र प्रत्येक चढउतारात दोन-तीन वेळा डोकावतो, त्यामुळे एक फ्रेम उजळ आणि पुढची काळवंडलेली अशी येते. हेच चित्रण 25 फ्रेमवर आणले की प्रकाशाचा चढउतारही 9.6 पट मंद होतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा होणारी लुकलुक स्पष्ट दिसू लागते.

यावर खरा इलाज चित्रण करतानाच करता येतो. ज्या कॅमेऱ्याच्या मेनूत पाल (PAL) ही 25 फ्रेमवर आधारलेली व्हिडिओची पद्धत आहे, तिथे ती निवडल्यावर बहुधा सेकंदाला 100 फ्रेमचा पर्याय मिळतो. 100 फ्रेम आणि एक शतांश सेकंदाचे शटर (म्हणजे एका फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) असे ठेवले, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाशाचा एक पूर्ण चढउतार येतो आणि सर्व फ्रेम सारख्याच उजळ राहतात. मंद गती चार पटच मिळेल, पण लेझीमसाठी ती मला पुरेशी वाटते. मुलींचे वाकणे, वळणे आणि पावलांची एकजूट त्यात छान उलगडते. 120 फ्रेमचा पर्याय घेऊन हे साधत नाही, कारण तिथे एका फ्रेमला एक शतांश सेकंद एवढा वेळच मिळत नाही. झालेल्या चित्रणासाठी रिझॉल्व्हच्या सशुल्क आवृत्तीत ‘डीफ्लिकर’ आहे. त्याने लुकलुक बरीच कमी होते, मात्र ते लावून झाल्यावर चेहऱ्यांचे बारकावे तपासून पाहावेत.

मैदानावर हा प्रश्न येत नाही, कारण सूर्यप्रकाशात असा चढउतार नसतो. उन्हाचा दुसराही लाभ आहे. 240 फ्रेमसाठी शटर साधारण 1/500 सेकंद लागते आणि 1/50 च्या मानाने कॅमेऱ्यात दहावा हिस्साच प्रकाश शिरतो. नागपूरच्या उन्हात त्याची उणीव भासत नाही. सभागृहात तीच उणीव चित्रात खरखर होऊन दिसते. शक्य असेल तर लेझीम पुन्हा एकदा सकाळच्या उन्हात, शाळेच्या पटांगणातच टिपावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : गोलंदाजाचे धावत येणे नेहमीच्या वेगात आणि चेंडू हातातून सुटतानाचा क्षण मंद गतीत, असे एकाच शॉटमध्ये दाखवायचे आहे. संपूर्ण शॉट 240 फ्रेमचा आहे, पण नेहमीच्या वेगातला भाग तुटक वाटतो.
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : क्लिपचा फ्रेम रेट आधी 25 करून घ्यावा आणि धावण्याच्या भागाचा वेग 960 टक्के करावा, म्हणजे तो प्रत्यक्षातल्या वेगाने चालेल. तो तुटक वाटतो, कारण 1/500 सेकंदाच्या शटरने टिपलेली प्रत्येक फ्रेम कोरीव असते आणि नेहमीच्या चित्रणात धावणाऱ्या हातापायांना येणारी स्वाभाविक अस्पष्टता तिच्यात नसते. या भागापुरते ‘फ्रेम ब्लेंडिंग’, म्हणजे लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळणे, सुरू करावे. एरवी मंद गतीत दुहेरी आकृत्या उमटवणारी ही सोय इथे फार उपयोगी पडते, कारण लागोपाठच्या पाच फ्रेमची सरासरी ही 1/50 सेकंदाच्या शटरने टिपलेल्या एका फ्रेमच्या बरीच जवळ जाते. चेंडू सुटण्याच्या भागावर मात्र ती बंद ठेवावी. वेग बदलण्याची जागा शेवटच्या पावलाचा टाच टेकण्याचा क्षण धरून ठरवावी; तिथे नजर आधीच थबकलेली असते, त्यामुळे बदल खटकत नाही.

प्रश्न : लग्नाचे 25 फ्रेमने केलेले जुने चित्रण आता मंद गतीत बदलता येईल का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : वेग निम्म्यावर आणून ऑप्टिकल फ्लो लावल्यास, साध्या पार्श्वभूमीवर एकटी व्यक्ती सावकाश चालत असेल तिथे निभावते. अक्षता उडतात, माणसे एकमेकांसमोरून जातात किंवा फुलबाज्यांच्या ठिणग्या पडतात, तिथे निभावत नाही. अशा जागा मूळ वेगातच ठेवाव्यात.

प्रश्न : मंद केलेल्या चित्रणातील आवाजाचे काय करावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : 9.6 पट मंद केलेला आवाज तीन सप्तकांहूनही अधिक खाली उतरतो आणि ताशाचा कडकडाट घरघर होऊन बसतो. म्हणून त्याच मिरवणुकीतील ढोल-ताशे आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी दुसऱ्या मोबाइलवर किंवा रेकॉर्डरवर सलग काही मिनिटे वेगळी ध्वनिमुद्रित करावी आणि मंद चित्राखाली ती तिच्या खऱ्या वेगातच ठेवावी.