नागपुरात बी.एस्सी. करता करता अ‍ॅक्च्युअरी होता येतं का?

येतं. पण अ‍ॅक्च्युअरी (विमा-पेन्शनमधली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ) पदवीने नाही, इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या पेपरांनी होतं. बारावीनंतर आधी एसेट ही प्रवेश परीक्षा. नागपूर विद्यापीठात गणित-संख्याशास्त्र घेतलं तर सीएस १ या संख्याशास्त्राच्या पेपरची बरीच तयारी तिथेच होते.

सीएम १ या विमागणिताच्या पेपरचं मूळ एवढंच: दहा वर्षांनी द्यायचे १,००,००० रुपये, ७ टक्के व्याजदराने आजचे ५०,८३५. ते माणूस तोवर जगला तरच द्यायचे असतील आणि तशी शक्यता ०.९५ असेल, तर ४८,२९३.

गडबड होते ती संगणकावरच्या पेपरात. सूत्रं पाठ, पण आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेला किंवा एक्सेलला हातच लावलेला नसतो. रोज अर्धा तास द्या. आणि हो, विद्यापीठाची हिवाळी परीक्षा आणि हे पेपर एकाच वेळी येत नाहीत ना, ते फॉर्म भरण्याआधी बघा.