स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेली आई घरातच असून रोज संध्याकाळी "मला घरी जायचंय" म्हणते. काय बोलावं?

"अगं, हेच तर तुझं घर" असं समजावू नका. मी वर्षभर तेच करत होते आणि दर संध्याकाळी आई रडायची. तिला त्या क्षणी पत्ता नको असतो, ओळखीचं, आधाराचं काहीतरी हवं असतं. एकदा मी नुसतं विचारलं, "घरी कोण कोण आहे गं?" मग विहीर, परसातला फणस, धाकटी बहीण, सगळं आलं. हात हातात घेऊन ऐकत बसले. नंतर मटारच्या शेंगा पुढ्यात ठेवल्या. सोलता सोलता जायचं राहूनच गेलं.

वाक्यं छोटी ठेवा. "चहा, कॉफी की दूध?" नको, "चहा घेतेस?" पुरे. "ओळख बघू, मी कोण?" ही परीक्षा तर कधीच घेऊ नका, आपणच नाव सांगत समोर जायचं. अंधारून यायच्या आधीच दिवे लावा, सावल्यांनी गोंधळ वाढतो. चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय ना, तेही बघा.

मात्र गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक वाढला असेल, तर "वयच झालं" म्हणून थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, एखादी नवी गोळी यांनीही असं होतं, आणि उपचारांनी ते बरंचसं ओसरू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

सगळं एकट्यानं निभावत असाल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.