तास शाळेचा, हंगाम पिकाचा

चि.,
अनेक आशीर्वाद.

नववी-दहावीसाठी तू केलेला शेतीचा अभ्यासक्रम वाचला. मेहनत दिसते, पण धडे पुस्तकाच्या क्रमाने लावलेस. काजूची कलमं फेब्रुवारीत? तेव्हा आपल्याकडे गोव्यात झाडं मोहोरा-बोंडांत असतात. कोवळ्या रोपावरचं कलम पावसाळ्याच्या दमट हवेत जगतं. ते जुलै-ऑगस्टात, गणेशचवथीच्या सुट्टीआधी उरक. सरदाचा (पावसाळी भाताचा) तरवा, म्हणजे रोपं, साधारण तीन आठवड्यांत लावणीला येतो, त्यावेळी वर्गात मातीचे प्रकार पाठ करून घेण्यात काय अर्थ?

म्हणून वर्षभराची सलग माळ नको, सुटे घटक कर. प्रत्येकाचा हंगाम ठरलेला असावा आणि मागचा चुकला तरी मुलाला पुढच्यात शिरता यावं. दहावीच्या परीक्षेत वायंगणाची (उन्हाळी भाताची) कापणी अडकते, तेव्हा तो घटक नववीलाच घे. 2025 पासून या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होऊ लागली. पालक कुरकुरले, पण तुला काजू आणि भिरंडं (कोकमाची फळं) आयती सापडली. त्यांच्या सालींची सोलं सुकवायला ऊन तेव्हाच. (काजूच्या रसाचं म्हणशील तर नीरोवरच, म्हणजे ताज्या रसावरच थांब. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा पाठ घरचे देतीलच.)

गावही बघ. खाजनाकाठच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळच्या) शाळेत बांध, मानस (पाण्याचं दार) आणि खारं पाणी सोसणारं कोरगुट भात हाच घटक. सत्तरी तालुक्यात त्याजागी कुळागर, म्हणजे मिश्र बागायत: पोफळीवर मिरीचा वेल, खाली केळ, पाटाचं पाणी. म्हापसा-वास्कोत जमीनच नाही, तिथे धिंगरी अळंबी (मशरूम) घे. एक खोली, भाताचं गवत आणि बियाणं पुरतं. महिन्याभरात पीक हाती येतं.

चाळीस मिनिटांच्या तासात शेतावर जाऊन हातपाय धुवून परत येणं होत नाही. आठवड्यातून एकदा जोडतास मिळवायचाच, मुख्याध्यापक कितीही कुरकुरोत. परीक्षेत ‘कलमांचे प्रकार लिहा’ नको. कलम बांधायला लाव, महिन्याने बघ. मेलं आणि का मेलं हे मुलाला नीट सांगता आलं, तर गुण कापू नकोस.

आराखडा पुन्हा लिहिलास की आधी शाळेजवळच्या कुळागरात राबणाऱ्या कुणाला तरी वाचून दाखव. महिने तोच दुरुस्त करील. मग माझ्याकडे पाठव.

तुझा,
सर